अनुभव धागा: पान पिवळं पडायला नेमकं कुठून लागलं?

पाऊस ओसरला की ठाणे-नवी मुंबईतल्या बाल्कन्यांमधून एकच प्रश्न येतो, "पानं पिवळी पडतायत, काय घालू?" आणि उत्तरही ठरलेलं, "खत घाल." मला हे मनापासून खटकतं. भूक, जास्तीचं पाणी, कीड, बुरशी या सगळ्यांनी पान पिवळं पडतं, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. म्हणून हा धागा. अनुभव लिहिताना एवढं जरूर सांगा: सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून झाली की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून, शिरा हिरव्या राहिल्या का, पान उलटं केल्यावर काय दिसलं आणि बोट खुपसल्यावर माती कशी लागली.

मीच सुरू करते. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत बागेच्या नळाला बोअरचं पाणी येतं. मोगऱ्याची शेंड्याची पानं पिवळट झाली, शिरा मात्र हिरव्यागार. खालची जुनी पानं ठणठणीत आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते घेता येत नाही. लोह झाडात जिथे पोचलं तिथेच राहतं, म्हणून नवी पानं उपाशी राहतात. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाला जुन्या पानांतून काढून नव्यांकडे पाठवता येतं, म्हणून त्यांचा तुटवडा खालून वर चढतो. नत्र कमी असेल तर अख्खं पान फिकटतं, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांच्या मधला भाग. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारल्यावर मोगऱ्याची नवी पालवी हिरवी आली. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवते, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

वाशी, तळमजला
आमच्याकडे ऊन कमी. सिंगोनियमची पानं खालून पिवळी पडत होती आणि माती ओली असूनही झाड मलूल दिसायचं. कुंडीतून काढून पाहिलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटून हातात आणि वास कुजकट. निरोगी मुळं पांढरी आणि टणक असतात. मुळांना हवाच मिळाली नाही तर ती पाणी ओढणार कशी? सडलेली मुळं कापली, लाल मातीत कोकोपीट आणि जाड वाळू मिसळून पुन्हा लावलं, कुंडीखालची ताटली काढून टाकली. आता वरची माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही.

कळवा, चाळीतलं वृंदावन
तुळशीबद्दल लिहिते. पानांवर बारीक पांढुरके ठिपके, मग पानं पिवळट होऊन वाकडी व्हायची. सगळे म्हणाले मंजिऱ्या खुड. त्या खुडल्याच, पण पान उलटं केलं तेव्हा खरं कळलं. मागे डांबराचे शिंतोडे उडावेत तसे चकचकीत काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे इवलेसे किडे. ते रस शोषतात आणि काळे ठिपके त्यांची विष्ठा. बाधलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. पूजेची तुळस म्हणून रासायनिक काही नको होतं. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी पानांच्या मागून फवारलं, दर आठवड्याला. पानं खायची असतील तर आधी धुऊन घ्या.

नेरूळ, गच्ची
कळव्याच्या ताई, पान उलटायची सवय भेंडीला तर हवीच. धागा सुरू करणाऱ्या ताईंच्या मोगऱ्याच्या अगदी उलट चित्र: शिराच पिवळ्याजर्द, मधला भाग हिरवा. हा हळद्या, विषाणूचा रोग, आणि तो पसरवते पांढरी माशी. यावर औषध नाही. असं झाड उपटून टाकायचं म्हणजे शेजारची वाचतात. जीवावर येतं, पण आशेवर ठेवू नका. पुढच्या वेळी रोगप्रतिकारक वाण लावा आणि पिवळे चिकट सापळे आधीच टांगा.

सीबीडी बेलापूर
सोसायटीतल्या चाफ्यावर वरून पिवळे ठिपके होते. मागून बोट फिरवलं तर बोटाला केशरी पूड. हा तांबेरा, बुरशीचा रोग. माळीदादा पडलेली पानं झाडाखालीच आळ्यात ढकलत, त्यांना विनंती करून ती रोज उचलायला लावली. चाफा थंडीत एरवीही पानं गाळतो, त्याला रोग समजू नका.

नौपाडा
गुलाबावर काळे गोल डाग, कडा झालरीसारख्या, भोवती पिवळं. बुरशी आहे. पान तासन्‌तास ओलं राहिलं की तिचं फावतं, म्हणून सकाळी, आणि फक्त मुळाशी पाणी. कुंड्यांमध्ये अंतर ठेवा.

ऐरोली
कढीपत्त्याला आंबट ताक घालते, आईही घालायची. पानं हिरवी राहतात.

घोडबंदर रोड (धागाकर्ती)
ऐरोलीच्या काकू, जमिनीतल्या झाडाला पातळ करून अधूनमधून दिलं तर चालेल. छोट्या कुंडीत मी देणार नाही, माती आंबते आणि चिलटं येतात. आणि थंडीत कढीपत्त्याची वाढ मंदावते, तेव्हाची थोडी पानगळ सोडून द्या.

खारघर, हायवेकडची बाजू
मार्चपासून धुळीबरोबर लाल कोळी येतो. जास्वंदीचं पान सुईने टोचल्यासारखं बारीक ठिपक्यांनी फिकटतं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले कण चालायला लागले तर कोळीच. हा कीटक नाही, आठ पायांचा आहे, त्यामुळे नेहमीची बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा हाच माझा पहिला उपाय.

कोपरी
लिंबाच्या पानांवर पिवळे धब्बे आहेत, मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे. झिंक दिलं, फरक नाही. शेजारी कढीपत्ता आहे.

घोडबंदर रोड (धागाकर्ती)
दादा, झिंक कमी असेल तर दोन्ही बाजूंना साधारण सारखी नक्षी येते. बाजू जुळत नसतील तर ग्रीनिंग या लिंबूवर्गीय झाडांच्या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्यावी लागते, आणि त्याला उपचार नाही. तो पसरवणारी सायला ही इवलीशी रसशोषक कीड कढीपत्त्याच्या कोवळ्या पालवीवरही राहते. दोन्ही झाडांचे शेंडे तपासा, पिल्लं पांढरी मेणचट दोरी सोडतात. पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, उपटायचं की नाही ते त्यानंतर बघू.