पिल्लं मान मागं टाकून आभाळाकडं बघत बसल्यात: मानमोडी की औषधाचा घोळ?

आजऱ्याचा_गडी

रामराम मंडळी. आजऱ्यापासून चार किलोमीटरवर घरामागं शेड आहे. 250 गिरीराज जातीची कोंबडीची पिल्लं, वय साडेपाच आठवडे. पाऊस लागून राहिलाय, खालचं तूस ओलं झालं आणि बारा दिवसांपूर्वी रक्ती हगवण लागली. दुकानदारानं अँप्रोलियमची पूड (20 टक्केवाली) दिली आणि सोबत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक. म्हणाला, अशक्तपणा येतो, दोन्ही पाण्यातनं एकदमच द्या. चार दिवस दिलं, रक्त काय थांबेना. मग मी पूड वाढवली. तीन लिटरच्या भांड्यात चहाचे दोन चमचे, शीग भरून. सातव्या दिवशी टॉनिक संपलं, ते परत आणलं नाही. आठव्या-नवव्या दिवसापासून रक्त थांबलं, म्हणून पूड तशीच चालू ठेवली.

काल संध्याकाळी बघतो तर सात-आठ पिल्लं ढोपरावर बसून मान पार पाठीला लावून वर बघतायत. चोच आभाळाकडं. हात लावला की कोलांटी खातात. आज सकाळी तशी एकवीस झाली, तीन मेली. शेजारचे आप्पा म्हणतात मानमोडी आहे, सगळी विकून टाक. मानमोडीच्या लासोटा लसीचे दोन्ही डोस वेळेवर दिलेत. काय करू?

रांगडा_पैलवान

भावा, आप्पांचं ऐकून आजारी कोंबड्या बाजारात नेऊ नको एवढंच सांगतो. बाकी जाणकार बोलतील. धागा वर आणतोय.

पंचगंगाकाठ

आधी एकच सांगा, मग बाकीचं बोलू: खायला काय घालताय? कंपनीचं खाद्य, का घरचं काही मिसळताय? आणि त्या टॉनिकची रिकामी बाटली असली तर लेबल वाचून सांगा, थायमिन किंवा बी-वन (एकच जीवनसत्त्व) लिहिलंय का.

आजऱ्याचा_गडी

पहिले तीन आठवडे कंपनीचं खाद्य. मग परवडेना. गिरणीतनं घनसाळ तांदळाची कणी स्वस्त मिळाली, दोन पोती घेतली. आता निम्म्याहून जास्त कणीच, थोडा मका भरडून. बाटली सापडली. पहिलंच नाव थायमिन आहे.

पंचगंगाकाठ

मग मला तरी चित्र स्पष्ट दिसतंय. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात एका कॉलेजच्या जीवरसायनशास्त्राच्या लॅबमध्ये 31 वर्षं असिस्टंट होतो, आता निवृत्त. पण तुम्ही जी पोज लिहिलीय ती मी इतक्या वेळा फळ्यावर काढलेली बघितलीय की डोळे मिटून ओळखीन. इंग्रजी पुस्तकं तिला 'तारे बघणं' म्हणतात. बी-वन तुटल्यावर कोंबडी अशीच बसते.

आता तुमच्याकडं नेमकं काय झालं ते बघा. अँप्रोलियम म्हणजे बी-वनची नकली किल्ली. तिची घडण थायमिनसारखी, पण थायमिनला ज्या जागी फॉस्फेट जोडला जातो ती शेपटीच तिला नाही. रक्ती हगवणीचा जंतू आतड्यात बसून थायमिन आत ओढायला बघतो, तेव्हा ही पूड मधेच दारात अडकते. जंतू उपाशी मरतो. जंतूचं दार कोंबडीच्या दारापेक्षा कितीतरी पटीनं लवकर अडतं, म्हणून बेतानं दिली तर पिल्लाला काही होत नाही. सगळा खेळ त्या फरकावर चाललाय.

पहिले चार दिवस तुम्ही काय केलंत? नकली किल्लीबरोबर खरी किल्लीही पाण्यात टाकलीत. जंतूला टॉनिकमधनं थायमिन मिळत राहिलं, पूड वाया गेली. रक्त थांबलं नाही यात नवल नाही. मग तुम्ही पूड वाढवलीत. तोवर ठीक, कारण टॉनिक पिल्लांनाही सांभाळत होतं. सातव्या दिवशी टॉनिक संपलं आणि वाढवलेली पूड एकटी राहिली. जंतू मेला, रक्त थांबलं. पण खायला काय, तर पॉलिशची कणी. बी-वन असतं भाताच्या कोंड्यात आणि अंकुरात, गिरणीनं ते आधीच काढून घेतलेलं. बाहेरनं येणारं थोडं, आणि आलेलंही दारात अडलेलं.

कणीवर एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या शेडात ती जशीच्या तशी पुन्हा घडलीय. डच लोकांचं राज्य होतं तेव्हा जावामध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, आइकमन नावाचा डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. 1889 मध्ये त्याच्या लॅबच्या कोंबड्या अशाच लुळ्या पडल्या. जंतू काही सापडेना. मग एक दिवस सगळ्या आपोआप बऱ्या. चौकशी केली तेव्हा कळलं, लॅबचा माणूस लष्करी दवाखान्याच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात त्यांना घालत होता. पुढं नवीन आचारी आला. तो म्हणाला, लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही. झालं, परत कोंडा असलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठल्या. आइकमनला आधी वाटलं पांढऱ्या भातात विष आहे आणि कोंडा त्याचा उतारा. त्याच्या जागी आलेल्या ग्राइन्सनं 1901 मध्ये सांगितलं, विष नाही, काहीतरी कमी पडतंय. त्याच लॅबमध्ये यान्सेन आणि डोनाथनी 1926 मध्ये कोंड्यातनं ते स्फटिकरूपात काढलं, 1936 ला विल्यम्सनं अमेरिकेत रचना लावून कृत्रिम बनवलं. आइकमनला 1929 चं नोबेल, हॉपकिन्सबरोबर वाटून. त्या आचाऱ्याला काहीच नाही, ते मला अजून खटकतं.

आमच्याकडं एम.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी हा प्रयोग असायचा. एका नळीत कोंड्याचा अर्क, एकीत पांढऱ्या तांदळाचा. त्यात कॉस्टिक सोडा आणि पोटॅशियम फेरीसायनाइड घातलं की थायमिनचं थायोक्रोम होतं. मग आयसोब्युटेनॉल घालून फनेल हलवायचं. त्या वासानं माझं डोकं संध्याकाळपर्यंत उठायचं, पण वरचा थर काढून दिवे घालवून अतिनील दिव्याखाली धरला की कोंड्याची नळी निळी लखलखायची. पाण्यावर दिवे सोडतात तसं काहीसं. तांदळाची नळी जवळजवळ काळोख. एकदा एक पोरगी म्हणाली, "मामा, म्हणजे आपण नळीतला काळोखच जेवतो की." तिला मी सांगितलं, आपण वर आमटी-भाकरी खातो म्हणून निभावतं. तुमच्या पिल्लांना आमटी नाही.

भोगावतीची_पशुवैद्य

काकांनी इतकं नीट सांगितलंय की मला फक्त दवाखान्याची बाजू लिहायची आहे. मी पशुवैद्यक पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे हे वाचून थांबू नका, आजच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि मेलेलं एक पिल्लू पिशवीत घालून सोबत न्या. उघडून बघितल्याशिवाय राणीखेत (म्हणजेच मानमोडी) नाही असं कुणीच छातीठोक म्हणू नये. राणीखेतीत मान बहुतेक बाजूला पिळते, हिरवट पातळ विष्ठा, घरघर, तोंड उघडून श्वास. लस दिली असली तरी ती पाण्यातनं नीट पोचलीच असं नसतं. ई व्हिटॅमिन कमी पडलं तरी पिल्लं डोकं आपटतात. पायाची बोटं आत वळून मुठीसारखी झाली असती तर मी बी-टू कमी पडलं म्हटलं असतं.

मात्रेचा हिशोब करा: 20 टक्के पूड असेल तर जोरात लागण असताना एका लिटरला 1.2 ग्रॅम, म्हणजे 240 मिलिग्रॅम औषध. हे तीन ते पाच दिवस. नंतर लिटरला 0.3 ग्रॅमवर उतरायचं, आठवडा-दोन आठवडे. तुमचा शीग भरलेला चमचा 5 ग्रॅमचा धरला तर तीन लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे लिटरला 3.3. जवळपास पावणेतीन पट, तेही आठ दिवस. चमचा सोडा. किराणा दुकानात मसाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यावर मोजून पुड्या बांधून घ्या.

पूड आत्ता बंद करा. डॉक्टर बी-वनचं इंजेक्शन देतील किंवा चोचीतनं द्यायला सांगतील. पडलेली पिल्लं स्वतःहून पाणी पीत नाहीत, म्हणून नुसतं भांड्यात टाकून भागणार नाही. थायमिनचाच दोष असेल तर काही तासांत फरक दिसतो, दिसला नाही तर समजा गाडी दुसरीकडं चालली आहे.

आणि दुकानदाराला सांगा, ही पूड चालू असताना बी-वनवालं टॉनिक नाही. सल्फा गटातलं औषध दिलं असतं तर टॉनिकची ही भानगड झाली नसती. सल्फाही नक्कलच करतं, पण फोलिक ॲसिडच्या कच्च्या मालाची. जंतूला फोलिक स्वतः बनवावं लागतं, पिल्लू ते खाद्यातनं आयतं घेतं.

रांगडा_पैलवान

अवांतर विचारतो, रागवू नका. तालमीत आम्ही सकाळी दुधात सहा कच्ची अंडी फोडून पितो. वस्ताद म्हणतात उकडलं की ताकद जाते. हे पण नकली किल्लीसारखं काही आहे का?

पंचगंगाकाठ

आहे, पण इथं किल्ली नकली नाही, चोर आहे. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला असं घट्ट धरतं की आतड्यात सुटतच नाही. लॅबमध्ये उंदरांना नुसत्या कच्च्या पांढऱ्यावर ठेवलं की डोळ्याभोवतीचे केस झडून चष्मा घातल्यासारखे दिसतात. पिवळ्यात बायोटिन असतं म्हणून सहा अंड्यांनी तुमची मिशी काही गळणार नाही. पण उकडलं की ॲव्हिडिन मोडतं, आणि प्रथिनही कच्च्यापेक्षा जास्त पचतं. वस्तादांना माझं नाव सांगू नका.

आजऱ्याचा_गडी

उशिरा लिहितोय, माफी. परवाच दुपारी गेलो. डॉक्टरांनी पिल्लू टेबलावर उघडलं, आतड्याच्या बंद टोकाच्या पिशव्यांत (सीकममध्ये) जुन्या रक्ताच्या गुठळ्या होत्या, पण राणीखेतीच्या खुणा नाहीत म्हणाले. पडलेल्यांना इंजेक्शन, बाकीच्यांना पाण्यातनं बी-वन. घरी येऊन एका खोक्यात सहा ठेवली आणि बायको कंदील धरून बसली, कारण लाईट गेलेली. दिवस मावळताना दिली होती, साडेनऊला तिनं हाक मारली. चार उभी होती. एकाची मान अजून डुलत होती, पण खोक्याच्या कडेला चोच मारत होतं. एकूण पाच मेली, एक अजून लंगडतंय.

खालचं तूस सगळं काढलं, चुना मारला, भांडी विटांवर ठेवली म्हणजे सांडायचं नाही. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, सगळे असंच नेतात. काटा आणलाय, 1.2 ग्रॅम किती चिमूटभर असतं ते बघून लाज वाटली.

काका, खाद्य कंपनीचंच चालू केलंय, आणि गिरणीवाल्याकडनं ताजा कोंडा आणून थोडा थोडा मिसळतोय. तो फुकट देत होता, मी विचारल्यावर किलोला चार रुपये सांगितले. कणीचं दीड पोतं उरलंय. वहिनी त्याची घावनं करत्यात, रोज सकाळी.

पंचगंगाकाठ

कोंडा आठ दिवसांचाच आणा, जास्त ठेवला की तेल खवट होतं. आणि घावनाबरोबर आमटी करायला सांगा.