मदत हवी आहे: कॉलरवर मोठं बटण, कफवर एकच पट्टी. हा सार्जंट की फिसेफेल्डवेबेल?

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धाच्या काळातलं एक फोटो-पोस्टकार्ड संग्रहात आहे. प्रशियन (जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या) पायदळातला माणूस, वय तिशीच्या आसपास. त्याचा हुद्दा ठरवताना गाडं अडलंय.

कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, सैन्यात गेफ्राइटर हा साध्या शिपायांतच मोजला जाई. कॉलरला लहान बटण, बस. त्याच्या वर चढत्या क्रमाने उंटरऑफिझियर, सार्जंट, फिसेफेल्डवेबेल आणि फेल्डवेबेल. घोडदळात फेल्डवेबेलच्या जागी वाख्टमाइस्टर. उंटरऑफिझियरपासून कॉलरला आणि कफला जरीची पट्टी लागते, सार्जंटपासून कॉलरच्या दोन्ही बाजूंना गरुडाचं मोठं बटण येतं. फेल्डवेबेलच्या कफवर आणखी एक पट्टी.

माझ्या फोटोत गरुडाचं बटण स्वच्छ दिसतंय, म्हणजे उंटरऑफिझियर बाद. कफवर पट्टी एकच, म्हणजे फेल्डवेबेलही बाद. उरले मधले दोघे. त्यांच्यातली ठळक खूण म्हणजे तलवारीच्या मुठीचा गोंडा, पोर्टेपे. अधिकाऱ्यांसारखा तो गोंडा फिसेफेल्डवेबेलला मिळे, सार्जंटला नाही. आणि नेमका फोटो कमरेच्या वरच कापलेला!

डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी आहे. पण सुट्टीत मिरवायला स्वखर्चाने शिवून घेतलेली अशी टोपी खालच्या हुद्द्याचे लोकही घालत, त्यामुळे तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही.

टोपीवरच्या कोकार्डवरून (गोल रंगीत बिल्ल्यावरून) हे दोन हुद्दे वेगळे ओळखता येतात का? जाणकारांनी कृपया सांगावं. फोटोच्या मागे नाव लिहिलंय, त्याच्या शेजारी योग्य हुद्दा लागावा अशी मनापासून इच्छा आहे.