न घेतलेल्या कर्जाचे फोन

ज्यांच्या वडिलांना न घेतलेल्या कर्जासाठी 'आज भरा, नाहीतर अटक' असे फोन येतात, त्यांच्यासाठी. एक रुपयाही भरू नका. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला असतो. माझ्या मावशीने भीतीपोटी 'थोडे' भरले आणि फोन दुप्पट झाले! आधी सिबिलचा, म्हणजे कोणाच्या नावावर कोणती कर्जं आहेत याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, अहवाल काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात ते कर्ज दिसलं तर तिथेच हरकत नोंदवा. आणि कर्ज खरं असलं तरी सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मनाई केली आहे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. हे सगळं वडिलांजवळ बसून करा, फार घाबरले असतील ते.