प्रतिसाद : उजेड निळाच, पण युक्ती वेगळी

दादा, समुद्रातला नॉक्टिलुका हा सूक्ष्मजीव आणि काइटफिन मुशी (शार्कची एक जात) दोघंही निळे चमकतात म्हणून त्यांची युक्ती एकच, असं तुम्ही लिहिलंत. मला ते पटत नाही.

नॉक्टिलुका म्हणजे शेपटीसारखा स्पर्शक असलेली एकच पेशी, फार तर दोन मिलिमीटरची. लाट आपटली की तिच्या आतल्या पडद्यावरून विजेचा झटका धावतो, बारीक कणांमध्ये आम्ल शिरतं आणि क्षणभर उजेड पडतो. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत! आम्ही खानापूरहून चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो होतो, तेव्हा अंधारात पाण्यात पाय टाकला की कडेनं निळी रेघ उठायची. पोरं तासभर हलली नाहीत. आमच्याकडच्या वळवातल्या काजव्यांची सवय असूनही.

मुशीचं तंत्र संथ आहे. जवळपास १८० सेंटिमीटरचा हा प्राणी पोटाकडच्या त्वचेतल्या असंख्य सूक्ष्म प्रकाश-अवयवांनी उजळतो, आणि तेही संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) हुकमानं: मेलाटोनिन आलं की उजेड सुरू, दुसरी संप्रेरकं आली की बंद. न्यूझीलंडजवळ पकडलेल्या मुशींवरचा हा अभ्यास २०२१ साली छापून आला. वरून झिरपणाऱ्या मंद प्रकाशात पोटाची सावली लपावी, हा त्याचा एक उपयोग मानतात. म्हणजे एक दचकून चमकते, दुसरी लपण्यासाठी.