दोन ब्युरोंचे दोन स्कोअर, न घेतलेलं कर्ज आणि 'सेटल्ड' कार्ड: मोफत रिपोर्ट कुठून काढायचा, दुरुस्ती कशी करायची?

रानवारा

गृहकर्जाचा अर्ज करण्याआधी क्रेडिट रिपोर्ट तपासतोय. चार गोष्टींवर नेमकी माहिती हवी आहे.

१) मोबाइलवरचं एक ॲप ७६८ स्कोअर दाखवतं. बँकेने काढलेल्या सिबिल रिपोर्टात ७१२ आहे. कोणता धरायचा?

२) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो म्हणतात, पण साइटवर गेलं की वर्गणीचे प्लॅन समोर येतात. पैसे न भरता पुढे कसं जायचं?

३) बँकेच्या प्रतीत एक पर्सनल लोन दिसतं, जे घेतलेलंच नाही. कर्ज देणाऱ्याचं नावही छापलेलं नाही. शिवाय एका जुन्या क्रेडिट कार्डापुढे बाकी शून्य असूनही 'सेटल्ड' लिहिलंय.

४) आपणच वारंवार रिपोर्ट काढला तर स्कोअर घसरतो का?

हिशेबनीस

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं मी सांगतो.

स्कोअर दोन्ही खरे आहेत. लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेने नोंदणी दिलेल्या चार क्रेडिट माहिती कंपन्या, म्हणजेच ब्युरो, आपल्याकडे आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पट्टी चौघींची ३०० ते ९०० हीच, पण हिशेबाची पद्धत प्रत्येकीची वेगळी. बँका आणि वित्तसंस्थांनी चौघींचं सदस्य व्हायचं, असा आदेश जानेवारी २०१५ मध्ये निघाला, त्यामुळे माहिती चारही ठिकाणी जाते. ती कोणाच्या फाइलला जोडायची हे मात्र प्रत्येक ब्युरो पॅन, जन्मतारीख, नाव, पत्ता, मोबाइल यांच्या जुळणीवरून ठरवतो, आणि चुका होतात त्या इथेच. म्हणून तुमच्या ५६ गुणांच्या फरकाचं कारण आधी खात्यांच्या यादीत शोधा. न घेतलेलं ते कर्ज ॲपवरच्या रिपोर्टात आहे का? ॲपच्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत स्कोअर कोणत्या ब्युरोचा ते लिहिलेलं असतं, तेही बघा.

मोफत रिपोर्टचा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. प्रत्येक ब्युरोने, ज्याचा कर्जाचा इतिहास त्यांच्याकडे आहे अशा व्यक्तीने मागितल्यास, दर वर्षी एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट विनामूल्य द्यायचा. म्हणजे एका वर्षात चार. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरलं जातं, शेवटच्या रिपोर्टपासून बारा महिने नाही. डिसेंबरात एक काढलात तरी जानेवारीत त्याच ब्युरोकडून नवा मागता येतो.

काढताना ब्युरोच्या स्वतःच्या साइटवर पत्ता टाइप करून जा. सर्च केल्यावर सगळ्यांत वर येणाऱ्या दुव्यांत कर्ज विकणाऱ्यांच्या जाहिराती असतात. सिबिलच्या साइटवर मोफत स्कोअर आणि रिपोर्टसाठी वेगळं बटण आहे. नाव पॅनवर आहे तसंच, मग जन्मतारीख, पॅन, पिनकोड, मोबाइल, ईमेल भरा. ओटीपी आला की खातं तयार होतं. त्यानंतर वर्गणीचं पान येतं. तिथे कोणताही प्लॅन न निवडता नकार देणारा लहानसा दुवा शोधा आणि थेट डॅशबोर्डवर जा. कार्डचा तपशील मागितला जात असेल तर तुम्ही मोफत मार्गावर नाही, मागे फिरा. बाकी तिघींकडेही क्रम थोड्याफार फरकाने असाच.

ओळख पटवताना अडकतं ते बहुतेक मोबाइल नंबरवर. ब्युरोकडे तुमच्या बँकेने कळवलेला जुना नंबर असतो. अशा वेळी आधी बँकेत नंबर बदलून घ्या, त्यांची पुढची माहिती ब्युरोकडे पोचू द्या, मग पुन्हा प्रयत्न करा. ओळखीच्या प्रश्नांना चुकीची उत्तरं देत राहिलात तर खातं तात्पुरतं बंद होतं.

चौथा प्रश्न: स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघा, स्कोअरवर परिणाम शून्य. परिणाम होतो तो तुमच्या अर्जावरून बँकेने काढलेल्या रिपोर्टचा. त्याची नोंद एन्क्वायरीच्या यादीत तारीख, रक्कम आणि कर्जाच्या प्रकारासह होते. थोड्या काळात पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकले की पैशाची तातडीची गरज आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. गृहकर्जासाठी एजंट एकाच वेळी चार बँकांत फाइल टाकतात, त्यांना तसं करू देऊ नका.

खतावणी

हिशेबनीसांनी रिपोर्ट कसा मिळवायचा ते सांगितलं, मी वाचायचा कसा ते सांगते. सगळेजण स्कोअर बघून पान बंद करतात. स्कोअर हा रिपोर्टमधून निघालेला एक आकडा आहे, तो कोणी हाताने दुरुस्त करू शकत नाही. दुरुस्त होते ती त्याच्यामागची नोंद.

रानवारा, कर्ज देणाऱ्याचं नाव दिसत नाही याचं कारण सोपं आहे. बँकेने काढलेल्या प्रतीत इतर बँकांची नावं झाकलेली असतात. तुम्ही स्वतः काढलेल्या प्रतीत ती दिसतात. तेव्हा तक्रारीसाठी बँकेची प्रत वापरू नका, स्वतःची काढा.

वाचण्याचा क्रम असा ठेवा. आधी वैयक्तिक माहिती: पॅनमधलं एखादं अक्षर, जन्मतारीख, अनोळखी पत्ता. अनोळखी पत्ता दिसला तर दुसऱ्या कोणाची तरी फाइल तुमच्यात मिसळल्याची शक्यता बरीच. मग खाती. प्रत्येक खात्यात मालकीचा रकाना असतो: वैयक्तिक, संयुक्त, ॲड-ऑन कार्डधारक किंवा जामीनदार. कोणासाठी जामीन राहिला असाल तर ते कर्ज तुमच्या रिपोर्टात येणारच, आणि मूळ कर्जदाराने हप्ता चुकवला की तुमचं नाव खराब होणार. अनेकांचं 'न घेतलेलं कर्ज' तपासलं तर हे निघतं. दुसरी नेहमीची शक्यता म्हणजे फोन किंवा फ्रिज हप्त्यावर घेतलेला असतो, किंवा एखाद्या ॲपवर 'आत्ता घ्या, नंतर भरा' सुरू केलेलं असतं. दुकानाचं वा ॲपचं नाव रिपोर्टात येत नाही, त्यामागच्या वित्तसंस्थेचं येतं, म्हणून ओळख पटत नाही. खातं उघडल्याची तारीख आणि मंजूर रक्कम आपल्या बँक स्टेटमेंटशी ताडून बघा.

त्यानंतर हप्त्यांचा तक्ता, गेल्या ३६ महिन्यांचा. प्रत्येक चौकोनात महिना आणि त्या वेळी किती दिवसांची थकबाकी होती तो आकडा असतो. ००० म्हणजे थकबाकी नाही. ०३० म्हणजे तीस दिवस थकलेलं. एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही, तो तुमचा दोष नव्हे. काही जुन्या खात्यांत आकड्याऐवजी एसटीडी (स्टँडर्ड), एसयूबी (सबस्टँडर्ड), डीबीटी (डाउटफुल), एलएसएस (लॉस) अशी अक्षरं दिसतात. पहिलं ठीक, पुढची तीन म्हणजे खातं अनुत्पादक (बँकेच्या लेखी थकीत कर्ज, एनपीए) झालेलं, क्रमाने अधिकाधिक वाईट.

क्रेडिट कार्डाबाबत एक नियम माहीत असू द्या: देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याशिवाय कार्ड कंपनीने खातं थकीत म्हणून कळवायचं नाही आणि उशिराचा दंडही लावायचा नाही. एक-दोन दिवसांच्या उशिरावर नोंद झाली असेल तर भांडायला जागा आहे.

पाणवठा

'सेटल्ड'बद्दल. मला वाटतं बाकी शून्य आहे तर ते तसंच राहू द्यावं. सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते. तोवर बाकीची जुनी कार्डं बंद करून टाका, म्हणजे रिपोर्ट स्वच्छ दिसेल.

खतावणी

पाणवठा, दोन्ही मुद्द्यांशी असहमत आहे, आणि गृहकर्ज तोंडावर असताना हे सल्ले महाग पडतील.

सात वर्षं ही माहिती जपून ठेवण्याची किमान मुदत आहे. सातव्या वर्षी पुसलीच पाहिजे असा तिचा अर्थ नाही. आणि 'सेटल्ड' म्हणजे बँकेने येणं असलेल्या रकमेपेक्षा कमी घेऊन खातं मिटवलं. बाकी शून्य दिसली तरी पुढची बँक ते बुडीत रकमेसारखंच वाचते. 'राइट ऑफ', म्हणजे बँकेने बुडीत धरून हिशेबातून काढलेलं, त्याहून वाईट. यावर मार्ग एकच: त्या बँकेकडून सोडून दिलेल्या रकमेचा लेखी आकडा घ्यायचा, ती भरायची, पैसे भरण्याआधीच 'खातं क्लोज्ड म्हणून कळवू' असं पत्र किंवा ईमेल हातात घ्यायचा आणि नंतर ना-देय प्रमाणपत्र. फोनवरच्या वसुली एजंटच्या शब्दावर एक रुपयाही भरू नका. कार्डाची थकबाकी मिटल्यावर कार्ड कंपनीने ३० दिवसांच्या आत ब्युरोकडची स्थिती बदलायला हवी. थकबाकी पूर्ण भरलेली असताना चुकून 'सेटल्ड' लागलं असेल तर मात्र काही भरायचं नाही, सरळ तक्रार करायची.

कार्डं बंद करण्याने उलटच होतं. समजा दोन कार्डांची मर्यादा मिळून २ लाख आणि वापर ४० हजार, म्हणजे २० टक्के. १ लाखाचं एक कार्ड बंद केलंत की तोच वापर ४० टक्के दिसतो, आणि मर्यादेच्या मानाने जास्त वापर स्कोअरला मारक. ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगतात तो ठोकताळा आहे, नियम नाही, पण दिशा बरोबर आहे. वार्षिक शुल्क असलेलं, न वापरलं जाणारं कार्ड बंद करायचंच असेल तर गृहकर्ज मिळाल्यावर करा, आणि बंद केल्याची लेखी पोच घ्या. कार्ड कापून कचऱ्यात टाकलं तरी खातं चालूच राहतं. त्यावर शुल्क चढतं, मग दंड, आणि शे-पाचशे रुपयांसाठी थकबाकीची नोंद होते.

हिशेबनीस

आता दुरुस्ती. ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच बदलते. म्हणून तक्रार दोन्हीकडे एकाच दिवशी करा.

ब्युरोच्या साइटवर लॉगिन करून विवाद नोंदवायचा पर्याय असतो. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो, तो जपून ठेवा. नेमकं खातं आणि नेमका रकाना निवडा: 'खातं माझं नाही', 'स्थिती चुकीची', 'बाकी चुकीची'. एका खात्यात तीन चुका असतील तर तिन्ही सांगा. बँकेला ईमेल करताना तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा, शाखेत तोंडी सांगून काही होत नाही. सोबत रिपोर्टचं ते पान, ना-देय प्रमाणपत्र किंवा भरणा पावती, पॅनची प्रत आणि तक्रार क्रमांक.

मुदत ३० दिवसांची. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे, उरलेले ब्युरोचे. २६ एप्रिल २०२४ पासून ही मुदत ओलांडली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. १ मार्चला तक्रार दिली, ३१ मार्चपर्यंत ३० दिवस झाले आणि निकाल २० एप्रिलला लागला तर २,००० रुपये. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल तर भरपाई बँक देते. तिने पाठवूनही ब्युरोने उशीर केला तर ब्युरो देतो. पैसे तक्रार मिटल्यापासून पाच कामाच्या दिवसांत खात्यात यायचे असतात, म्हणून तक्रारीतच बँक खात्याचा तपशील द्या. 'माझा स्कोअर कमी का' अशी तक्रार केलीत तर मात्र ही भरपाई नाही. स्कोअर काढण्याच्या पद्धतीवरचे वाद त्यातून वगळले आहेत. म्हणून तक्रारीत स्कोअरचा उल्लेखही करू नका, नोंदीबद्दलच लिहा.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. शुल्क नाही, वकील लागत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही लोकपालाच्या कक्षेत आहेत.

ते कर्ज खरंच तुमच्या पॅनवर दुसऱ्या कोणी काढलेलं निघालं, तर प्रकरण वेगळं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिची पोच वित्तसंस्थेला पाठवा आणि कर्जाचा करार, केवायसीची कागदपत्रं आणि पैसे कोणत्या खात्यात गेले ते लेखी मागा. 'आधी हप्ता भरा, मग चौकशी करू' असं म्हणतील. भरू नका, भरणं म्हणजे कर्ज कबूल करणं असं ते धरतील.

रानवारा

दोघांचे आभार. स्वतःची प्रत काढली. ते कर्ज फक्त एकाच ब्युरोच्या यादीत आहे, बाकी तिघांत नाही. पत्ताही अनोळखी आहे. आणखी दोन शंका: एका ठिकाणी दुरुस्ती झाली की बाकी ठिकाणी आपोआप होते का? आणि गृहकर्जाला ७५० लागतातच का?

खतावणी

एकाच ठिकाणी आणि सोबत अनोळखी पत्ता, म्हणजे फाइल मिसळलेली असण्याची शक्यता जास्त. विवाद त्याच ब्युरोकडे नोंदवा आणि त्यात पत्त्याचाही समावेश करा. नुसतं खातं काढलं आणि पत्ता राहिला तर पुढचं खातं पुन्हा तुमच्यात येऊन बसू शकतं. 'सेटल्ड'चं उलट आहे: ती माहिती बँकेकडून आलेली, ती बँकेने बदलली की चारही ठिकाणी जाते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखं महिना-महिना थांबावं लागत नाही. तरी चारही रिपोर्ट तपासा.

७५० हा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, प्रत्येक बँक आपली मर्यादा ठरवते. काही बँकांचा गृहकर्जाचा व्याजदर मात्र स्कोअरच्या टप्प्याला बांधलेला असतो. तेव्हा अर्जाआधी त्या बँकेला विचारा की कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट बघता आणि टप्पे कुठे आहेत. तुमची बँक सिबिल बघत असेल तर ॲपवरच्या ७६८ चा तिथे उपयोग नाही.

हिशेबनीस

एक भर. इंटरनेटवर 'स्कोअरमध्ये ३५ टक्के वेळेवर परतफेड, ३० टक्के वापर' असे आकडे फिरतात, ते अमेरिकेतल्या फायको स्कोअरचे आहेत. आपल्याकडच्या ब्युरोंना ते तसेच लावून हिशेब मांडू नका. पगार, बचत खात्यातली शिल्लक, मुदत ठेव यांचा स्कोअरमध्ये समावेश नसतो. बँक ते वेगळं तपासते.

दुरुस्ती होईपर्यंत अर्ज थांबवा. घाईच असेल तर विवादाची पोच आणि ना-देय प्रमाणपत्र अर्जाला जोडा आणि आधीच काढलेल्या रिपोर्टवर निर्णय न घेता दुरुस्तीनंतर नवा रिपोर्ट काढावा, असं अर्जातच लिहून द्या.