बोअरमधलं पेट्रोल खरंच विघटित होतंय की पावसाने नुसतं पातळ झालंय? जागेवर कसं तपासायचं, मदत हवी आहे

मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, घराच्या वरच्या अंगाला दीडेकशे मीटरवर पेट्रोल पंप आहे, तिथली जमिनीखालची टाकी गळत होती ती गेल्या उन्हाळ्यात बदलली. तेव्हा आमच्या बोअरच्या पाण्यात बेन्झीन (पेट्रोलमधला विषारी घटक) लिटरला 60 मायक्रोग्रॅम निघालं (डब्ल्यूएचओची मर्यादा 10), म्हणून पाणी बंद केलं, टँकर चालू आहे. पावसाळ्यानंतर वास गेला, परत तपासलं तर 14. आता घरातले सगळे म्हणतात झालं की साफ, मोटर चालू कर. पण मला धास्ती वाटते, मे महिन्यात पाणी खाली गेलं की परत आकडा वर येणार नाही कशावरून?

वाचून एवढं कळलं की जमिनीतले जिवाणू पेट्रोल खातात, आधी ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज, लोखंड, सल्फेट आणि शेवटी मिथेन तयार व्हायला लागतो. म्हणून मीटर आणि किट आणून जागेवरच मोजलं. पंपाच्याही वर चुलत्यांची विहीर आहे, तिथे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 5.1 मिलिग्रॅम, नायट्रेट 30 (पुढचे आकडेही मिलिग्रॅममध्येच). आमच्या बोअरला ऑक्सिजन 0.6, नायट्रेट जवळपास शून्य, फेरस लोखंड (पाण्यात विरघळलेलं, न गंजलेलं) 3. म्हणजे जिवाणूंचं काम चालू आहे असं धरू का?

प्रतिसाद: लक्षणं चांगली आहेत, पण विहीर उघडी असते, तिच्यात वरून हवा मिसळते, तेव्हा तुलना बोअरशी बोअरचीच करा. फेरस पाणी काढल्या काढल्या मोजा, हवा लागली की ते गंजून आकडा पडतो. आणि मुख्य म्हणजे क्लोराइड बघा, ते जिवाणू खात नाहीत. उन्हाळ्याच्या रिपोर्टपेक्षा क्लोराइडही चौथाईवर आलं असेल तर पाणी पातळच झालंय, क्लोराइड तेवढंच राहून बेन्झीन उतरलं असेल तर नुसत्या पावसाचं काम नाही. बेन्झीनचं सॅम्पल काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडा नको, बर्फात ठेवून न्या. मे महिन्यात हे सगळं परत करा, तोवर प्यायला नकोच, गरम पाण्याच्या आंघोळीलाही नको, बेन्झीन वाफेबरोबर नाकात जातं.

खूप आभार! आंघोळीचं डोक्यातच नव्हतं, आजच घरी सांगतो. उन्हाळ्याच्या रिपोर्टमध्ये क्लोराइड 84 आहे, आणि चुलत्यांच्या शेतात जुनी बोअर आहे, रविवारी दोन्हीकडे मोजून इथेच आकडे टाकतो.