स्टेडियममधली गाणी सुरू कोण करतं?

मंडळी, जरा मदत हवी आहे. लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे प्रेक्षक मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरत 'यू विल नेव्हर वॉक अलोन' गातात, ते गाणं मुळात १९४५ च्या एका अमेरिकी संगीत नाटकातलं. १९६३ मध्ये लिव्हरपूल शहरातल्याच एका बँडने ते गायलं आणि ते स्टँडमध्ये शिरलं, इथवर कळलं. मेक्सिकन वेव्ह, म्हणजे प्रेक्षकांनी ओळीने उठत-बसत केलेली लाट, मेक्सिकोतल्या १९८६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमुळे जगभर गेली, पण अमेरिकेत बेसबॉलला ती १९८१ मध्येच उठली होती. म्हणजे नावच फसवं!

माझं घोडं अडलंय ते पुढे. हजारोंच्या गर्दीत पहिली ओळ उचलतो कोण? ढोलवाला, भोंगा घेतलेला म्होरक्या, की कुणीही आपला असाच? स्टँडमध्ये उभं राहून घसा बसवून घेतलेलं कुणी असेल तर सांगा ना.